संदर्भ व्यवस्थापन आज्ञावली आणि संशोधन साहित्याची प्राप्ती : मराठी संशोधकाच्या दृष्टीने एक विवेचन

गोषवारा

संशोधनासाठी लागणारे ग्रंथ व लेख शोधणे, ते प्रत्यक्ष मिळविणे आणि त्यांची अचूक नोंद ठेवणे या तीन वेगवेगळ्या क्रिया होत. 'झोटेरो'सारख्या संदर्भ व्यवस्थापन आज्ञावलीमुळे या तिन्ही क्रिया एकाच ठिकाणी करणे शक्य झाले आहे. तथापि ही आज्ञावली ज्या ओळखक्रमांकांवर व तालिकांवर अवलंबून असते, त्यांत मराठी साहित्याची नोंद अपुरी, रोमन लिपीतील किंवा सदोष असते. प्रस्तुत लेखात आज्ञावलीचे कार्य कसे चालते, ती कोठे निरुपयोगी ठरते आणि मराठीतून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाने तेथे काय करावे, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : संदर्भ व्यवस्थापन, झोटेरो, डी.ओ.आय., आय.एस.बी.एन., मुक्त प्रवेश, शोधगंगा, मराठी ग्रंथनोंदी.

प्रस्तावना

महाविद्यालयात अध्यापन करीत असताना पीएच.डी.चे काम करणाऱ्या प्राध्यापकाचे संशोधन बहुधा दोन ठिकाणी अडते. हवा असलेला ग्रंथ किंवा लेख हाती येत नाही, ही पहिली अडचण. हाती आलेला, वाचलेला, टिपणे काढलेला संदर्भ प्रबंधलेखनाच्या वेळी सापडत नाही, ही दुसरी. पूर्वीच्या पिढीतील अभ्यासक पाच बाय तीन इंचांची कार्डे करीत, ती अकारविल्हे लावून बुटांच्या खोक्यांत ठेवीत. त्या कार्डावर ग्रंथनाम, कर्ता, प्रकाशक, वर्ष आणि कोपऱ्यात ग्रंथालयाचा दाखल क्रमांक असे. ही शिस्त आता अनेकांकडून सुटली आहे. कार्डाची जागा संगणकातील 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' अशा नावांच्या पुडक्यांनी घेतली असून, त्यांत उतरवून घेतलेल्या शेकडो पीडीएफ फाइली निनावी अवस्थेत पडून असतात.

संदर्भ व्यवस्थापन आज्ञावली म्हणजे मूलतः ती कार्डपेटीच होय. फरक इतकाच की, येथे कार्ड बहुतांशी आपोआप भरले जाते, कार्डालाच लेखाची प्रत जोडता येते आणि प्रबंध लिहिताना त्या कार्डावरून तळटीप व संदर्भसूची तयार होते. या प्रकारच्या अनेक आज्ञावली उपलब्ध आहेत. 'एंडनोट' ही जुनी व विकत घ्यावी लागणारी आहे. 'मेंडेली' २०१३ मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली व तिची संगणकावर बसविण्याची जुनी आवृत्ती २०२२ नंतर नव्याने उतरवून घेणे बंद झाले. 'झोटेरो' ही अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात तयार होऊन २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य व मुक्तस्रोत असून तिच्यातील सर्व नोंदी अन्य आज्ञावलीत नेता येतात. पीएच.डी.चे काम पाच-सहा वर्षे चालते. त्या काळात आज्ञावलीचा मालक बदलला किंवा धोरण बदलले तरी स्वतःचा संग्रह स्वतःच्या हाती राहावा, हा विचार महत्त्वाचा आहे. म्हणून प्रस्तुत विवेचन झोटेरोस केंद्रस्थानी ठेवून केले आहे. या आज्ञावलीचे नाव अल्बेनियन भाषेतील, 'आत्मसात करणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून घेतलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ती घडविली, ही बाब मानव्यविद्येच्या प्राध्यापकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

नोंद आणि प्रत

ही आज्ञावली प्रथम वापरणाऱ्या अनेकांचा असा समज असतो की, ती ग्रंथ मिळवून देते. वस्तुतः ती दोन वेगळ्या गोष्टी मिळवू पाहते : एक, ग्रंथाची किंवा लेखाची नोंद, दुसरी, त्याची प्रत. नोंद मिळाली म्हणजे प्रत मिळतेच असे नाही आणि प्रत मिळाली म्हणून नोंद बरोबर असतेच असेही नाही. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

नोंद मिळविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग ब्राउझरमधील जोडणीचा. झोटेरोची जोडणी ब्राउझरमध्ये बसविली की एखाद्या नियतकालिकाच्या किंवा ग्रंथालयतालिकेच्या पानावर गेल्यावर वरच्या पट्टीतील चिन्ह बदलते. लेख असल्यास पानाचे, ग्रंथ असल्यास पुस्तकाचे आणि शोधाच्या अनेक निष्पत्ती असल्यास पुडक्याचे चिन्ह दिसते. त्यावर टिचकी मारताच नोंद संग्रहात दाखल होते. दुसरा मार्ग ओळखक्रमांकाचा. आज्ञावलीत जादूच्या कांडीचे एक चिन्ह आहे. तेथे लेखाचा डी.ओ.आय. किंवा ग्रंथाचा आय.एस.बी.एन. लिहिला की उर्वरित तपशील ती स्वतः आणते. तिसरा मार्ग आधीच जवळ असलेल्या पीडीएफ फाइलींसाठी आहे. अशी फाइल संग्रहात ओढून टाकली असता आज्ञावली तिची पहिली काही पाने वाचते, त्यातील मजकुरावरून लेख ओळखते आणि नोंद तयार करते. वर उल्लेखिलेली 'न्यू फोल्डर'मधील निनावी पुडकी निकालात काढण्यास हा तिसरा मार्ग उत्तम. इंग्रजीतील विज्ञान, वाणिज्य व अर्थशास्त्राच्या लेखांबाबत तो पुष्कळ वेळा यशस्वी होतो.

डी.ओ.आय. हा लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक होय. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. नियतकालिकांतील लेखांना असे क्रमांक देणारी 'क्रॉसरेफ' ही संस्था २००० पासून कार्यरत आहे. या क्रमांकाचा आणखी एक उपयोग अलीकडे महत्त्वाचा ठरू लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संभाषण-प्रणालींकडे संदर्भ मागितले असता त्या कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख, खऱ्या वाटणाऱ्या कर्त्यांच्या नावांसह सांगतात. असा डी.ओ.आय. झोटेरोत टाकला असता एक तर काहीच सापडत नाही किंवा भलत्याच विषयाचा लेख समोर येतो. शोधनिबंधाच्या परीक्षकांनीही ही चाचणी करून पाहावी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. तसेच २०१९ पासून झोटेरो संग्रहातील लेखांची 'रिट्रॅक्शन वॉच'च्या माहितीशी पडताळणी करते आणि एखादा लेख प्रकाशकाने मागे घेतला असल्यास त्या नोंदीवर इशारा देते.

पूर्ण मजकूर कोठून येतो

नोंद दाखल झाल्यावर तिच्यासाठी उपलब्ध पूर्ण मजकूर शोधण्याची आज्ञा देता येते. ही आज्ञा दिल्यावर आज्ञावली प्रथम प्रकाशकाच्या पानावर जाऊन पाहते. संगणक ज्या जाळ्यावर आहे, त्या जाळ्यास ते नियतकालिक खुले असेल तर प्रत उतरते. तसे नसेल तर 'अनपेवॉल' या माहितीसंग्रहात लेखाची कायदेशीर मुक्त प्रत एखाद्या विद्यापीठाच्या भांडारात आहे काय, हे पाहिले जाते. ही सोय झोटेरोत २०१८ पासून आहे. तेथेही प्रत नसेल तर आज्ञावली थांबते. म्हणून एकच आज्ञा महाविद्यालयाच्या संगणकावर यशस्वी आणि घरच्या संगणकावर निष्फळ ठरल्यास त्यात नवल नाही. दोष आज्ञावलीचा नसतो. प्रवेशाचा हक्क संस्थेच्या जाळ्याशी किंवा संस्थेने दिलेल्या प्रवेशनामाशी बांधलेला असतो.

या हक्काच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत मोठे बदल झाले आहेत. इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'एन-लिस्ट' योजनेने अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांना अल्प वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिकांचे व ग्रंथांचे दार उघडून दिले. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असे तिचे स्वरूप जाहीर झाले. मात्र 'शासकीय संस्था' या शब्दांत खासगी व्यवस्थापनाचे प्रत्येक अनुदानित किंवा विनाअनुदानित महाविद्यालय आपोआप मोडत नाही. आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत आहे आणि घरून प्रवेश कसा मिळतो, हे ग्रंथपालांकडून समजून घेणे हे आज्ञावली बसविण्याइतकेच आवश्यक आहे. खेदाची बाब अशी की, अनेक प्राध्यापकांचे प्रवेशनाम वर्षानुवर्षे ग्रंथपालांच्या नोंदवहीत न उघडता पडलेले असते.

मुक्त प्रतीबाबत एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. विद्यापीठीय भांडारात असलेली प्रत ही पुष्कळदा प्रकाशनपूर्व मसुदा किंवा स्वीकृत हस्तलिखित असते. तिची पृष्ठसंख्या १ पासून सुरू होते. छापील लेख मात्र २११ ते २३४ पृष्ठांवर असतो. नोंद छापील लेखाची आणि वाचन मसुद्याचे, असा प्रकार झाल्यास पृष्ठक्रमांकासह दिलेले अवतरण वाचकास सापडत नाही. अशा वेळी जोडलेल्या फाइलीच्या नावातच 'स्वीकृत मसुदा' असे लिहून ठेवणे व अवतरण देताना प्रकरणाचा किंवा परिच्छेदाचा निर्देश करणे श्रेयस्कर.

मराठी साहित्य आणि नोंदीचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन प्रामुख्याने इंग्रजी लेखांस लागू पडते. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा लोकसाहित्य या विषयांच्या प्राध्यापकाने हीच कृती मराठी साहित्याबाबत करून पाहिल्यास त्याच्या पदरी बहुधा निराशा येते. तिची कारणे नीट समजून घेतली तर उपाय अवघड नाहीत.

आय.एस.बी.एन. पद्धती जगभर रूढ होऊ लागली ती १९७० नंतर. १९६३ मध्ये आलेल्या 'कोसला'च्या पहिल्या आवृत्तीस हा क्रमांक असणेच शक्य नाही. त्यानंतरही मराठीतील असंख्य ग्रंथ, विशेषतः लहान गावांतील प्रकाशकांचे, स्मारक समित्यांचे व गौरवग्रंथ, क्रमांकाविना निघत राहिले. गेल्या दोन दशकांत चर्चासत्रांच्या इतिवृत्तग्रंथांवर हा क्रमांक हमखास छापलेला असतो. पण तो संपूर्ण ग्रंथाचा असतो, त्यातील साठ-सत्तर निबंधांचा नव्हे. शिवाय असे ग्रंथ सहभागी प्राध्यापकांच्या कपाटाबाहेर क्वचितच पोहोचतात. क्रमांक आहे आणि ग्रंथ कोणत्याच तालिकेत नाही, अशी ही स्थिती आहे.

ज्या मराठी ग्रंथांची नोंद सापडते, त्यांची सापडण्यामागची कथा मोठी उद्बोधक आहे. आय.एस.बी.एन. दिल्यावर झोटेरो जी माहिती आणते, ती जगातील मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकांतून येते. त्यांत अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस प्रमुख होय. 'पी.एल. ४८०' हा कायदा महाराष्ट्रात आजही आठवला जातो तो टंचाईच्या काळातील आयात गव्हामुळे. त्या धान्याच्या मोबदल्यात अमेरिकेच्या खात्यावर जमा झालेल्या रुपयांचा काही भाग १९६२ पासून भारतीय ग्रंथखरेदीसाठी वापरण्यात आला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली येथील कार्यालयामार्फत मराठी ग्रंथही वॉशिंग्टनला व अनेक अमेरिकी विद्यापीठांना गेले. त्यामुळे पुण्यात छापलेल्या, पण तालुक्याच्या ग्रंथालयात आज न मिळणाऱ्या मराठी पुस्तकाची व्यवस्थित नोंद अमेरिकेत असणे यात आश्चर्य नाही.

ती नोंद मात्र रोमन लिपीत असते आणि तिचे लिप्यंतर एका काटेकोर पद्धतीने केलेले असते. त्या पद्धतीत प्रत्येक अक्षरातील 'अ' लिहिला जातो, दीर्घ स्वरांवर आडवी रेघ येते, 'ड' व 'ट' यांखाली टिंब येते आणि 'व' साठी नेहमी 'व्ही' हे अक्षर योजले जाते. 'राजवाडे' हे आडनाव मराठी माणूस सहसा 'डब्ल्यू' घालून टंकलिखित करतो. त्या शोधाला तालिकेत उत्तर मिळाले नाही की ग्रंथच नाही असा निष्कर्ष काढला जातो. 'व्ही' घालून आणि 'ज'नंतरचा 'ए' लिहून पुन्हा शोध घेतल्यास तोच ग्रंथ सापडू शकतो.

आलेली रोमन नोंद तशीच ठेवल्यास मराठी प्रबंधाच्या सूचीत देवनागरी व रोमन यांची खिचडी होते. यावर उपाय असा की, ग्रंथनाम, कर्ता, प्रकाशक व प्रकाशनस्थळ हे रकाने मुखपृष्ठावरून नव्हे, तर आतील शीर्षकपृष्ठावरून देवनागरीत भरावेत आणि मूळ रोमन शीर्षक 'एक्स्ट्रा' या रकान्यात जपून ठेवावे. पुढे आंतरग्रंथालयीन देवघेवीसाठी ग्रंथ मागविताना तेच रोमन शीर्षक उपयोगी पडते. नोंदीतील भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिल्यास इंग्रजी व मराठी संदर्भ वेगळे काढणे सोपे जाते.

कर्त्याच्या नावाबाबतही विचार करावा लागतो. झोटेरोत आडनाव व नाव यांसाठी दोन स्वतंत्र रकाने आहेत. 'राजवाडे' एका रकान्यात व 'वि. का.' दुसऱ्यात, हे सरळ आहे. परंतु ज्ञानेश्वर, तुकाराम, कुसुमाग्रज, बालकवी अशा नावांना आडनाव नसते. त्यांच्यासाठी एकेरी रकान्याची सोय आहे. ती न वापरल्यास सूचीत स्वल्पविरामांचा गोंधळ होतो. 'वि. वा. शिरवाडकर' आणि 'कुसुमाग्रज' यांच्या नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्या तरी शीर्षकपृष्ठावर जे नाव आहे तेच ठेवणे योग्य.

शुद्धलेखनाची अडचण मराठीला विशेष जाचते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु जुन्या ग्रंथांच्या शीर्षकांत ते आहेत. राजवाड्यांनी संपादिलेल्या साधनखंडांचे शीर्षक 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' असे आहे. दोन अनुस्वार वगळून शोध घेतल्यास संगणक ते शीर्षक वेगळे समजू शकतो. अशा ठिकाणी संपूर्ण शीर्षक न लिहिता निर्विवाद रूपाचा एखादा शब्द, येथे 'मराठ्यांच्या', व कर्त्याचे आडनाव एवढ्यावरच शोध घ्यावा. नोंद करताना मात्र अनुस्वारासह मूळ शीर्षक द्यावे.

नियतकालिकांतील मराठी लेखांना डी.ओ.आय. असणे आजही अपवादात्मक आहे. 'विविधज्ञानविस्तार', 'नवभारत' किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातील जुन्या लेखांसाठी नोंद हातानेच भरावी लागते. लेखाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, अंक, पृष्ठे एवढे पाच-सहा रकाने भरण्यास तीन मिनिटे पुरतात. जुन्या अंकांवर शके दिलेले असते. तारखेच्या रकान्यात इसवी सन लिहावा, म्हणजे कालानुक्रम बिघडत नाही. शके 'एक्स्ट्रा'मध्ये ठेवावे. शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. अंक पौषानंतरचा असल्यास साधारणतः ७९ मिळवावे लागतात. शके १८४७ चा चैत्र १९२५ मध्ये आणि त्याच शकाचा फाल्गुन १९२६ मध्ये येतो.

पीडीएफवरून नोंद तयार करण्याचा मार्ग मराठी लेखांसाठी बहुधा बंद असतो आणि त्याचे कारण अक्षरजुळणीत आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या काळातील कित्येक महाविद्यालयीन नियतकालिके 'श्रीलिपी', 'आय.एस.एम.' यांसारख्या प्रणालींतील फाँटमध्ये जुळविलेली आहेत. डोळ्यांना ती शुद्ध मराठी दिसतात. संगणकास मात्र त्या फाइलीत रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. तिच्यातून शीर्षक काढणे आज्ञावलीस शक्य नसते. निव्वळ छायाचित्रित पानांच्या फाइलीत तर मजकूरच नसतो. अशा फाइलींवर अक्षर-ओळख प्रक्रिया करता येते. 'टेसरॅक्ट' या मुक्तस्रोत आज्ञावलीत मराठीची सोय आहे. स्वच्छ छपाई असेल तर निष्पत्ती वाचनीय येते. जुन्या शिळाप्रेसच्या पानांवर हा प्रयोग व्यर्थ होय.

जुने ग्रंथ व त्यांची अंकीय रूपे

संशोधकांस माहीत असो वा नसो, जुन्या मराठी ग्रंथांची मोठी संपत्ती आज विनामूल्य उपलब्ध आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात स्कॅन झालेले हजारो ग्रंथ आज 'इंटरनेट अर्काइव्ह'वर आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर खुली केली आहेत. मोल्सवर्थचा कोश व दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयात शोधता येतात.

यांपैकी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'च्या ग्रंथांबाबत अधिक विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण तेथील नोंदी अत्यंत बेभरवशाच्या आहेत. त्यांत दीर्घ स्वर दर्शविण्यासाठी रोमन अक्षर दोनदा लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे 'मराठी' हा शब्द कोठे एका 'आय'ने, तर कोठे दोन 'आय'नी संपतो आणि 'ठ' व 'ट' यांच्या लेखनातही एकवाक्यता नाही. गो. स. सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'चे उदाहरण घ्यावे. शोध घेताना या दोन शब्दांची चार-पाच रोमन रूपे करून पाहावी लागतात. ग्रंथ सापडल्यावर ब्राउझरमधील चिन्हावर टिचकी मारून नोंद घेता येते. परंतु तिच्यातील वर्ष व खंड यांवर विसंबून राहू नये. फाइल उघडून शीर्षकपृष्ठ पाहावे, तो पूर्व, मध्य की उत्तर विभाग आहे, कितवी आवृत्ती आहे, पाने गहाळ आहेत काय, हे पडताळावे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून निघत गेलेल्या मूळ खंडांची पृष्ठे आणि स. मा. गर्गे यांनी संपादिलेल्या नंतरच्या आवृत्तीची पृष्ठे जुळणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून दोन आवृत्त्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात व त्या 'संबंधित' म्हणून एकमेकींस जोडाव्यात. आज्ञावली त्यांना दुबार नोंदी समजून एकत्र करण्याची सूचना देऊ शकते. ती स्वीकारू नये.

शोधगंगेचा स्वभाव याहून वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर इन्फ्लिबनेटच्या या भांडारात प्रबंध दाखल होऊ लागले. तेथे प्रबंध सहसा एकसंध नसतो; प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. झोटेरोत नोंद एकच ठेवून तिला आवश्यक प्रकरणे जोडावीत. नोंदीचा प्रकार 'प्रबंध' असाच आहे ना, हे पाहावे. प्रबंध पूर्ण झाल्याचे वर्ष व तो भांडारात दाखल झाल्याचे वर्ष यांत कधी कधी मोठे अंतर असते. सूचीत पहिले जाते. शोधगंगेचा खरा लाभ प्रबंधांच्या शेवटच्या पानांत आहे. आपल्या विषयाच्या जवळचे तीन-चार प्रबंध निवडून त्यांच्या संदर्भसूची वाचल्या की कोणत्याही जागतिक तालिकेत नसलेले मराठी साहित्य कळते. तथापि त्या सूचीतील नोंद उचलून स्वतःच्या सूचीत घालणे आणि ग्रंथ स्वतः पाहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका प्रबंधातील चुकीचे प्रकाशनवर्ष पुढच्या चार प्रबंधांत जसेच्या तसे आढळते, तेव्हा त्या चौघांपैकी कोणीही ग्रंथ उघडला नव्हता हे सिद्धच होते. झोटेरोत 'पाहिले नाही' अशी एक खूणचिठ्ठी तयार करून अशा नोंदींना लावावी आणि ग्रंथ हाती आल्यावरच ती काढावी.

अधिकाराचा प्रश्न

भारतीय कायद्यानुसार ग्रंथावरील स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. सरदेसाई १९५९ मध्ये निवर्तले. त्यांचे स्वतःचे लेखन २०२० च्या आरंभापासून सर्वांस खुले आहे. नंतरच्या संपादकाच्या प्रस्तावना, टिपा व पुरवण्या मात्र खुल्या होत नाहीत. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खासगी उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापरास मुभा आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठीच्या संकलनांनाही याच कलमाच्या आधारे संरक्षण दिले. याउलट प्रकाशकांचे लेख विनापरवाना पुरविणाऱ्या 'साय-हब'विरुद्ध तीन प्रकाशकांनी २०२० मध्ये याच न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश झाला. ज्याला एकही योजना लागू नाही अशा महाविद्यालयातील प्राध्यापकाची अडचण त्यामुळे खरोखर वाढली, हे मान्य करावे लागेल. त्याच्यापुढे आज खुले मार्ग असे : मुक्त प्रत, आंतरग्रंथालयीन देवघेव, विद्यापीठ ग्रंथालयातील प्रत्यक्ष वाचन आणि लेखकास पत्र. शेवटचा मार्ग सर्वांत दुर्लक्षित, परंतु पुष्कळदा फलदायी आहे. आपला लेख कोणी मागितला याचा आनंद न होणारा लेखक विरळा.

सूची आणि सामायिक संग्रह

लेखनाच्या टप्प्यावर झोटेरो वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये तळटिपा व सूची तयार करते. इंग्रजी शैली निवडल्यास 'अँड', 'एट अल.' हे शब्द मराठी नोंदींतही येतात. आज्ञावली एकाच सूचीत सर्व संदर्भ देते. मराठी विद्यापीठीय प्रबंधात मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके, अप्रकाशित प्रबंध असे विभाग अपेक्षित असतात. यासाठी प्रत्येक विभागाचा वेगळा उपसंग्रह करून त्यावरून स्वतंत्र सूची काढावी व ती शेवटी हाताने तपासावी. सूची आपोआप तयार झाली म्हणून ती बिनचूक असते, असे मानता येत नाही.

अवतरणांबाबत आणखी एक सोय आहे. झोटेरोच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, पीडीएफ तिच्यातच वाचता येते व रंगविलेला मजकूर पृष्ठक्रमांकासह टिपणात घेता येतो. कोणते वाक्य मूळ लेखकाचे आणि कोणते स्वतःचे, हे त्यामुळे वर्षभराने पाहिले तरी स्पष्ट राहते. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी १० टक्क्यांपुढील साम्यास टप्प्याटप्प्याने दंडाची तरतूद केल्यानंतर अनेकांवर आलेले संकट हेतुपुरस्सर चोरीचे नसून टिपणातील अशा गफलतीचे असते. अर्थात युनिकोड नसलेल्या मराठी फाइलीतून मजकूर असा घेता येत नाही. तेथे हातानेच टंकलेखन करावे लागते.

एका विभागातील तीन-चार प्राध्यापक पीएच.डी.चे काम करीत असतील तर झोटेरोत खासगी गट स्थापन करणे लाभदायक आहे. विनामूल्य खात्यास फाइलींसाठी ३०० मेगाबाइट जागा मिळते. स्कॅन केलेल्या एका जाड ग्रंथाने ती संपू शकते. म्हणून गटात केवळ नोंदी ठेवाव्यात, प्रती ज्याच्या त्याच्या संगणकावर असाव्यात. नोंदींना जागेची मर्यादा नाही. नोंदीत 'कोठे आहे' हेही लिहावे : जयकर ग्रंथालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचा खासगी संग्रह किंवा तालुक्याच्या नगरवाचनालयातील कपाट. शतकापूर्वी स्थापन झालेल्या अनेक नगरवाचनालयांत दुर्मिळ ग्रंथ आहेत व त्यांच्या याद्या हस्तलिखित वह्यांतच आहेत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी एका सत्रात अशा एका कपाटातील ग्रंथांच्या नोंदी शीर्षकपृष्ठ पाहून भरल्या, तर तो प्रकल्पाचा विषय म्हणूनही स्वीकारता येईल.

महाविद्यालयाच्या स्वतःच्या नियतकालिकासही हाच विचार लागू पडतो. अंक युनिकोडमध्ये जुळविणे, प्रत्येक लेखाची वेगळी फाइल ठेवणे, पहिल्या पानावर नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, पृष्ठे व आय.एस.एस.एन. छापणे आणि मराठी शीर्षकाखाली त्याचे रोमन लिप्यंतर देणे, एवढ्याने तो लेख दुसऱ्या गावातील संशोधकास सापडण्याची शक्यता वाढते. डी.ओ.आय.साठी क्रॉसरेफचे वार्षिक सदस्यत्व व प्रतिलेख शुल्क लागते; तो खर्च पेलणारा नसल्यास वरील चार गोष्टींना कोणतेही शुल्क नाही.